मदत हवी आहे: पायराइटच्या गोळ्यांवरून जस्ताच्या सल्फाइडचं मूळ ठरतं का?

नमस्कार मंडळी. गोव्यात एम.एस्सी. भूविज्ञान करतोय. प्रकल्पासाठी राजस्थानातल्या डोलोमाइटमधल्या शिसे-जस्त खनिजाचे पॉलिश केलेले काप मिळालेत. परावर्तित प्रकाशात पायराइटचे (लोखंडाचं सल्फाइड) फ्रॅम्बॉइड, म्हणजे सूक्ष्म स्फटिकांचे गोळे, दिसतात, अगदी बुंदीच्या लाडवासारखे, आणि काहींच्या भोवती स्फॅलेराइटचा (जस्ताचं सल्फाइड) पातळ थर आहे.

तुलनेला इथल्या चोडण बेटावरच्या खारफुटीतला काळा चिखलही पाहिला. कुजक्या अंड्यांचा वास आला की तिथे सल्फेट खाणारे जिवाणू कामाला लागलेत हे कळतं. खनिजातलं सल्फाइड जिवाणूंनी बनवलं की उष्णतेने, हे मात्र असं सहज कळत नाही. फ्रॅम्बॉइड प्रयोगशाळेत जिवाणूंशिवायही बनतात, म्हणजे नुसत्या आकारावर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय पायराइट आधीचं आणि जस्त नंतर आलेल्या गरम द्रवातलं असू शकतं.

'गंधकाचे आयसोटोप (जड-हलक्या अणूंचं प्रमाण) करून घ्या' हे उत्तर येणारच! आयर्लंडच्या नॅवन शिसे-जस्त खाणीत गंधकाची ऋण मूल्यं (हलका गंधक जास्त) मिळाली, तिथे जिवाणूंचा हात स्पष्ट झाला. पण बंदिस्त खोऱ्यात सल्फेट संपत आलं की जिवाणूजन्य सल्फाइडही जड, म्हणजे धन मूल्यांचं, होत जातं, आणि साधारण १०० अंशांच्या वर जिवाणूंशिवाय नुसत्या उष्णतेने होणाऱ्या सल्फेटच्या क्षपणाची (सल्फेटचं सल्फाइड होण्याची) मूल्यंही तिथेच येऊन बसतात. बजेट मोजक्याच बिंदूंपुरतं आहे, एसईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) वेळ मात्र मिळेल. खडक थोडा रूपांतरितही झालाय.

तर मूल्यं धन आली, तर जिवाणूजन्य आणि उष्णताजन्य या दोन प्रक्रिया वेगळ्या काढायला मोजके बिंदू कुठे घ्यावेत: फ्रॅम्बॉइडच्या गाभ्यात, स्फॅलेराइटच्या थरात, की दोन्हींच्या सीमेवर?