मदत हवी आहे: ड्रम मशीन कोणतं घेऊ? किक ऐकूच येत नाही

रातकिडा
घरी गाणी रेकॉर्ड करतो. मित्राचं छोटं ड्रम मशीन महिनाभर वापरलं, पण रेकॉर्डिंगमध्ये किक (मोठ्या ड्रमचा खोल ठोका) आणि स्नेअर (तडतडणारा छोटा ड्रम) जवळजवळ गायब. उरते ती हायहॅटची, म्हणजे झांजांची, चिकचिक आणि लांबून आल्यासारखा घुमारा. आवाज वाढवला, इक्यू लावला, फरक शून्य. आता दमदार किक असलेलं स्वतःचं मशीन घ्यायचंय. कोणतं घेऊ? जरा लवकर सांगा, चार गाणी अडकून पडली आहेत.

ठोकताळा
कसली गाणी? ऑडिओ इंटरफेसला (वाद्यं कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याला) इनपुट किती? मशीन कुठे जोडता? एवढं तरी लिहा.

नादखुळी
दमदार किक म्हणजे ८०८ (टीआर-८०८ ड्रम मशीन), प्रश्नच मिटला. रोलँडने १९८० मध्ये काढलेलं, सगळे आवाज अ‍ॅनालॉग सर्किटचे, रेकॉर्ड केलेले नाहीत. रोलँडचंच टीआर-८एस घ्या. त्यात ८०८ आणि रोलँडचंच ९०९ या दोन्हींचे आवाज आहेत, स्वतःचे सॅम्पलही (रेकॉर्ड केलेले आवाज) टाकता येतात, आणि प्रत्येक वाद्याला वेगळा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी). गाणं चालू असताना नुसतं हायहॅट हळूच खाली घेता येतं, ते सुख दुसरीकडे नाही.

सरळसूत
मशीनवर पैसे कशाला घालता? हायड्रोजन नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पॅटर्न बनवा, ओळीने लावा, झालं.

नादखुळी
बोटांनी ताल रचणं आणि माउसने चौकोन भरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सरळसूत
वाजवणाऱ्याला असेल. ऐकणाऱ्याला चौकोन दिसत नाहीत.

रातकिडा
सॉफ्टवेअर नको, दिवसभर स्क्रीनसमोरच असतो. संथ गाणी, गिटार आणि गळा. इनपुट दोन. एकात गिटार, दुसऱ्यात मशीन, गातो नंतर. कृपया मशीनचं नाव सांगा.

पडघम
स्नेअरला वरून आणि खालून असे दोन माइक लावत असाल तर खालच्याची फेज (ध्वनिलहरीचा चढ-उतार) उलटी करून पाहा. आमच्या खऱ्या ड्रमसेटला हाच त्रास होता. स्नेअर पातळ कागदासारखा वाजायचा, एक बटण दाबलं आणि अंगात आला.

ठोकताळा
पडघम, इथे माइक नाहीत, पण रोग बहुतेक तोच.
रातकिडा, मशीनला हेडफोन लावल्यावर किक नीट येते का? आणि केबलच्या पिनेवर काळ्या रेघा किती?

रातकिडा
हेडफोनमध्ये छान येते. रेघा दोन, दोन्ही टोकांना. याचा काय संबंध?

ठोकताळा
सगळा संबंध तिथेच आहे. मशीनचं आउटपुट स्टिरिओ: पिनेच्या टोकावर डावा, मधल्या कड्यावर उजवा. तुमचं लाइन इनपुट बॅलन्स्ड आणि मोनो. ते कड्यावरचा सिग्नल उलटा करून टोकावरच्यात मिळवतं. किक आणि स्नेअर मधोमध ठेवलेले, म्हणजे दोन्हीकडे सारखेच, ते एकमेकांना खाऊन टाकतात. हायहॅट आणि रिव्हर्ब बाजूला पसरलेले, म्हणून तेवढेच वाचतात. याच केबलने नवं मशीन त्याच्या हेडफोन जॅकमधून जोडलंत तरी हेच होईल.
एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय केबल आणा. दोन्ही इनपुट वापरून आधी ताल रेकॉर्ड करा, मग त्यावर गिटार.

नादखुळी
हे मला सुचलंच नव्हतं. तरी ८०८ ते ८०८च.

रातकिडा
केबल बदलली. पहिल्याच ठोक्याला टेबलावरचा पेला थरथरला! महिनाभर मी त्या मशीनला दोष देत होतो. मनापासून आभार.
पण मशीन परत करायचंय, त्यामुळे मूळ प्रश्न तसाच आहे. आणि एक राहिलं: दोन गाण्यांत कडवं ४/४, ध्रुवपद ३/४.

सरळसूत
हे आधी सांगायचं ना!

ठोकताळा
मग वेगवेगळे पॅटर्न ओळीने लावून अख्खं गाणं वाजवणारा साँग मोड हवाच. गिटार-गळ्याच्या गाण्यांना मी अलेसिस एसआर-१६ म्हणेन: खऱ्या ड्रमचे सॅम्पल, पायाच्या स्विचने फिल (दोन भागांमधली छोटी भरणी), चार आउटपुट. आवाज जुन्या वळणाचे आहेत, पण संथ गाण्यांत खपून जातात.

नादखुळी
खपून जातात? त्यापेक्षा आर्टुरियाचं ड्रमब्रूट इम्पॅक्ट पाहा. त्यातही साँग मोड आहे, किकला वेगळं आउटपुट आहे.

ठोकताळा
पूर्ण अ‍ॅनालॉग आहे ते, गिटार आणि गळ्याशेजारी उपरं वाटेल. रातकिडा, मित्राच्या मशीनला सोळा स्टेप (पॅटर्नमधली ठोक्यांची घरं) आहेत ना? शेवटची स्टेप १२ वर आणता येते का बघा, म्हणजे ३/४ त्यावरच जमेल आणि चारही गाणी आधी उरकतील.

रातकिडा
बघतो. ते बटण नेमकं कुठे असतं?