ब्रुनो, चिंगी आणि बी विंगची लिफ्ट

कुलकर्णी काकू (ए-३०४): सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांच्या कानावर घालते. काल रात्री पार्किंगमध्ये बी विंगचा कुत्रा ब्रुनो आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या अंगावर धावून आला. मानेला दात लागलेत, टाके पडले. दहा वर्षांची म्हातारी आहे ती. मी मध्ये पडले असते तर माझाही हात गेला असता.

अनिकेत (बी-५०२): काकू, दवाखान्याचा सगळा खर्च माझा, रात्रीच काकांशी बोललोय. बाकीच्यांसाठी सांगतो, ब्रुनो दीड वर्षाचा आहे, आमच्याकडे नुकताच आलाय. आधीच्या घरी लहानपणापासून गच्चीवर साखळीला असायचा. माणसांशी गरीब आहे. कुत्रं दिसलं की मात्र आवरत नाही. ट्रेनिंग शून्य.

बी-२०३: गरीब म्हणे! लिफ्टचं दार उघडताना पोटात गोळा येतो आमच्या. ठराव करा आणि विषय संपवा.

साठे काका (सी-१०१): पिसाळलेला तर नाही ना?

अनिकेत: नाही काका. रेबीजची लस झालीय, महापालिकेचा परवानाही आहे.

सेक्रेटरी: ठराव करून कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या सूचना तशा आहेत, मागच्या वेळी यावरच दोन तास गेले होते. पण अनिकेत, पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होईल असा निष्काळजीपणा केला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा दोन्ही बाजूंनी जरा दमाने घ्या.

साठे काका: अहो, कायदा कशाला काढताय. गुरगुरला की उताणा पाडायचा, मान दाबून धरायची. एकदा मालक कोण ते कळलं की आयुष्यभर सरळ.

मृण्मयी (ए-६०१): काका, कृपा करून हे कोणी करू नका. अल्फा-बिल्फा, म्हणजे दाबून मालकी दाखवायची, हे सगळं बंदिस्त, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवरून आलंय. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलंय की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एवढंच. आणि गुरगुरण्यावर मारलं तर कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं नाही. मग पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

मृण्मयी: मी सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये बसून कालचं फुटेज बघितलं. चिंगी खांबाआडून आली, तिचं लक्षही नव्हतं. ब्रुनो आधी थिजला. तोंड बंद, कान पुढे, शेपूट वर आणि काठीसारखी ताठ, नजर हलेना. दोन-तीन सेकंद तसाच. तेवढ्यात अनिकेतने घाबरून लीश हाताला गुंडाळून आखूड केली, पट्टा गळ्याला आवळला, आणि त्याच क्षणी ब्रुनोने उडी मारली. ते दोन-तीन सेकंद हीच आपली संधी असते. तेव्हा ओढायचं नाही, पाठ फिरवून त्याला घेऊन निघायचं.

अनिकेत: मला वाटलं जवळ धरला की कंट्रोलमध्ये राहील.

मृण्मयी: सगळ्यांनाच तसं वाटतं. पण त्याला कळतं ते इतकंच की कुत्रं दिसलं की गळा आवळतो. म्हणजे कुत्रं वाईटच.

बी-२०३: म्हणजे आता त्याची कीव करायची?

मृण्मयी: कीव नको, कारण कळायला हवं. पिल्लू तीन आठवड्यांचं असल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, ते त्याला नेहमीचं वाटतं. याचा तो काळ गच्चीवर गेला. वर आता ऐन पोरवयात आलाय. तो माजलेला नाही, टरकलेला आहे, आणि अंगावर गेलं की समोरचं कुत्रं लांब जातं एवढं त्याला नेमकं कळलंय.

जोशी आजी (बी-१०१): बिचारा. माझ्या हातून रोज बेदाणे खातो की तो. कधी गुरगुरला नाही.

मृण्मयी: आजी, बेदाणे आणि द्राक्षं अजिबात नकोत हं! कुत्र्यांच्या किडन्या निकामी होऊ शकतात. गाजराचा तुकडा द्या. अनिकेत, बेदाणे खाल्लेत हे आजच व्हेटला फोन करून सांग.

जोशी आजी: अगं बाई. बरं.

सेक्रेटरी: मध्येच सांगतो, पाण्याचा टँकर अकराला येतोय. गाड्या काढा.

कुलकर्णी काकू: मृण्मयी, तू म्हणतेस ते पटतंय. पण मी चिंगीला घेऊन खाली कशी जाऊ ते सांग.

मृण्मयी: काकू, तुमच्यापासूनच सुरुवात. यापुढे ब्रुनो दाराबाहेर पडला की मझल, म्हणजे तोंडाला जाळी. कापडी नळी नाही, बास्केट मझल, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येतं. कापडीत तोंड आवळलेलं राहतं, पुण्याच्या एप्रिलमध्ये तर जिवावर बेतेल. मात्र थेट चढवायचं नाही. आधी मझलमध्ये चिकनचा तुकडा ठेवून नाक आत घालू द्यायचं, मग क्षणभर मझलचा पट्टा लावायचा, मग जरा जास्त वेळ. याला थोडे दिवस लागतील. तोवर ब्रुनो सकाळी सहाच्या आत आणि रात्री अकरानंतरच खाली, तेही मागच्या जिन्याने. पाचवा मजला आहे, अनिकेतचं पोटही कमी होईल.

अनिकेत: 🙏 मान्य.

मृण्मयी: मग व्हेट. कान, कंबर, सांधे, दात सगळं तपासून घे. दुखत असेल तरी कुत्रं असंच वागतं, आणि दुखणं तसंच ठेवून ट्रेनिंग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

साठे काका: नसबंदी केली की गार पडतात म्हणे.

मृण्मयी: मादीच्या वासामागे धावणं, भटकणं कमी होतं काका. भीतीतून येणारी आक्रमकता त्याने जाईलच असं नाही. कधी करायची ते व्हेटवर सोडू.

बी-५०१: आम्ही सुचवतो, घरात एक पिल्लू आणा. आपोआप सवय होईल.

मृण्मयी: नको! त्या पिल्लाचा काय गुन्हा?

मृण्मयी: आता खरं काम. त्याला लांबचं कुत्रं दिसेल, पण तो थिजणार नाही, इतकं अंतर शोधायचं. पहिल्यांदा समोरच्या फुटपाथवरचं कुत्रंसुद्धा जवळ वाटेल, अख्खं मैदान मध्ये लागेल. कुत्रं दिसलं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. कुत्रं गेलं की चिकन बंद. क्रम चुकवू नकोस, आधी कुत्रं, मग खाऊ. आधीच खाऊ दाखवलास तर तो खाऊलाच वचकायला लागेल. कुत्रं बघून तो आपणहून तुझ्याकडे वळायला लागला की अंतर थोडं कमी. त्याने खाणं सोडलं तर फार जवळ आलात, गुपचूप मागे फिरायचं. पट्ट्याऐवजी छातीला कडी असलेला हार्नेस घे. ओढली की गळा आवळणारी चोक चेन आणि काट्यांचा पट्टा घरात आणायचाच नाही.

अनिकेत: आणि वेताळ टेकडीवर मोकळा सोडला तर? दमला की शांत होईल.

मृण्मयी: लीशशिवाय कुठेच नाही. तिथे इतरांची कुत्री आहेत, मोर आहेत. डॉग पार्क तर डोक्यातूनच काढ.

बी-२०३: आणि गेटवरच्या भटक्या मोती-काळीचं काय? त्यांना आधी उचलायला सांगा.

सेक्रेटरी: त्यांची नसबंदी, लस झालीय, खूण म्हणून कानाला खाच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्यांना त्यांच्या जागेवरच राहू द्यायचं असतं. फक्त खाणं गेटसमोर न घालता मागच्या भिंतीकडे घालू, म्हणजे ब्रुनोच्या वाटेत गर्दी होणार नाही.

कुलकर्णी काकू: आणि पुन्हा जुंपलीच तर?

मृण्मयी: मध्ये हात घालायचा नाही, पट्टा धरायला तर नाहीच, तिथेच माणसं चावून घेतात. पाण्याची बादली मारा, नाहीतर मध्ये फळी सरकवा. वॉचमनकाकांच्या केबिनबाहेर दोन्ही ठेवूया. माणसाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर. हळद नको, चुना नको.

कुलकर्णी काकू: ठीक. माझी एकच अट. त्या दोघांची दोस्ती करायला कोणी येऊ नका. चिंगीला या वयात नवे मित्र नकोत.

मृण्मयी: दोस्ती करायचीच नाहीये काकू. एकमेकांकडे न बघता समोरून गेले तरी जिंकलो. तेही व्हायला महिने लागतील. नंतर चिंगीची तयारी असेल तर पौड रोडच्या बाजूला मधे भरपूर अंतर ठेवून एकाच दिशेने चालवू, समोरासमोर नाही.

कुलकर्णी काकू: ते बघू. पावसात काय? सगळे पार्किंगमध्येच येतात.

मृण्मयी: पावसात शी-शू उरकून सरळ वर. एखाद्या दिवशी फिरणं बुडालं तर काही होत नाही. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून हुंगून शोधायला लावायचं, त्यानेही चांगला दमतो.

अनिकेत: मझलचं माप कसं घ्यायचं? संध्याकाळी येतेस का?

मृण्मयी: सातनंतर येते. तोवर चिकन उकडून ठेव. मीठ-मसाला, कांदा-लसूण काही नको.