नैरोबी माशीचा भारताच्या नकाशावरचा ठिपका खोडावा का?

खाचरातला:
जुलै २०२२मध्ये सिक्कीममधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सुमारे १०० मुलांच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले आणि दोन दिवसांत घरोघरी ‘नैरोबी माशी’ पोचली. मुळात ती माशी नव्हेच, आखूड पंखांचा भुंगेरा आहे. बातम्यांत नावं आली पेडेरस सबेअस आणि पेडेरस एक्झिमियस. दोन्ही आफ्रिकेतल्या. आपल्या भातखाचरांत पेडेरस फ्युसिपेस आहेच की, इंग्लंडपासून जपानपर्यंत पसरलेला. पेडेरस मेलॅम्पसही आहे. कुठली जात कुठे सापडली याच्या नोंदींवरून नकाशावर ठिपके पडतात. माझं मत: ज्या नोंदीमागे संग्रहात जपलेला, टाचणीला लावलेला किडा नाही, तिच्यावरचं जातीचं नाव काढा. ‘पेडेरस, जात अनिश्चित’ एवढंच ठेवा, म्हणजे फक्त वंशाचं नाव.

दवाखाना_उघडा_आहे:
नाव काढा म्हणणं सोपं आहे हो. पावसाळ्यात माझ्याकडे मानेवर लांबट पट्टा घेऊन लोक येतात. कोणी म्हणतं नागीण, कोणी म्हणतं अंगावर काहीतरी मुतलं. चट्टा उठतो किडा चिरडल्यानंतर दीड-दोन दिवसांनी. तोवर किडा केराच्या टोपलीत! नमुना आणू कुठून? विष तेच, पेडेरिन, उपचारही तेच. तुमचा नियम लावला तर डॉक्टरांच्या बहुतेक नोंदी बाद होतील.

खाचरातला:
बाद कोण म्हणतंय? गाव, तारीख, चट्टे सगळं राहू द्या. फक्त जात लावू नका. चट्ट्यावरून जात कळत नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत.

रानवाटा:
माझा फोटो स्वच्छ आहे. डोकं काळं, मान नारिंगी, पंख निळे, पोट नारिंगी, टोक काळं. फोटोवरून जीव ओळखणाऱ्या ॲपने फ्युसिपेस सुचवलं, आणखी एकाने होकार दिला, रिसर्च ग्रेड मिळाली, म्हणजे ओळख पक्की असा शिक्का. आता काय त्याची जन्मपत्रिका मांडू?

खाचरातला:
तुम्ही सांगितलेले रंग या वंशातल्या कितीतरी जातींना लागू पडतात. खात्री करायची तर नर पकडून त्याचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. आणि होकार देणाऱ्यानेही तुमचाच फोटो पाहिलाय ना?

रानवाटा:
मग संग्रहालयातल्या जुन्या नोंदी तरी कुठे सोवळ्या आहेत? चिठ्ठीवर ‘बॉम्बे’ एवढंच. १९३६पर्यंत सिंधसुद्धा मुंबई इलाख्यात होता. ठिपका मात्र शहरावर. नुसतं ‘इंडिया’ असेल तर काही याद्यांत देशाचा मध्य म्हणून २० उत्तर, ७७ पूर्व टाकतात. म्हणजे किडा थेट वाशिमच्या शेजारी! तिथल्या लोकांना पत्ताही नाही.

खाचरातला:
हे मान्य, अगदी मान्य. पण तिथे टाचणीवर किडा तरी आहे, उद्या कोणी काढून तपासेल. फोटोतल्या किड्याचं पोट कसं उघडणार?

दवाखाना_उघडा_आहे:
बरं, मग पेशंटला काय सांगू? पुढच्या वेळी चिरडू नका, बाटलीत भरा?

खाचरातला:
चिरडू नका हे सांगाच, विष तेव्हाच अंगाला लागतं. किडा तुम्हालाच मिळेल. रात्री ट्यूबलाइटखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवा, सकाळी चिमट्याने उचलून स्पिरिटमध्ये टाका. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख. आणि पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

दवाखाना_उघडा_आहे:
घमेलं ठेवतो. कंपाउंडर हसणार आहे. पण केसपेपरवर मी ‘पेडेरस’ लिहिणार, ‘अनिश्चित’ नाही. पेशंट घाबरतात त्या शब्दाला.