एनआयआरएफचा क्रमांक बघून कॉलेज ठरवावं का?

वैशाली_नाशिक

भाचीला यंदा सीईटीला ९७ च्या आसपास पर्सेंटाइल आहेत. कॉम्प्युटर किंवा आयटी हवंय. घरात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत) जे वर असेल ते ऑप्शन फॉर्ममध्ये पहिलं टाकायचं. दुसरी बाजू म्हणते, त्या यादीत नावही नसलेल्या पुण्यातल्या एका कॉलेजात नोकऱ्या जास्त लागतात. दोन्ही कॉलेजांच्या जाहिरातीत ‘९५ टक्के प्लेसमेंट’ छापलंय, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. फॉर्म भरायला आठवडा आहे. नेमकं काय बघायचं आणि कुठे?

अनिरुद्ध_ग

आधी हा क्रमांक कशाचा बनतो ते बघा.

एनआयआरएफ शंभर गुणांची आहे. शिक्षण आणि साधनं ३०, संशोधन ३०, पदवीनंतर मुलांचं काय झालं याचे २०, सर्वसमावेशकता १० आणि नावलौकिक १०. तुम्हाला ज्याची काळजी आहे ते त्या २० मध्ये बसतं. इंजिनिअरिंगच्या यादीत त्या २० पैकी नोकरी आणि उच्च शिक्षण मिळून ८, मिडियन पगार (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळतो तो मधला आकडा) ५, वेळेत पास होणारे ३ आणि पीएचडी करून बाहेर पडणारे ४. म्हणजे नोकरी-पगार-उच्च शिक्षण सगळं धरून शंभरातले १३ गुण. एकट्या संशोधनाचे ३०.

म्हणून ज्या कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थी कमी, शोधनिबंध कमी, ते बी.ई.च्या मुलांसाठी कितीही चांगलं असलं तरी यादीत खाली जातं. पुण्याचं पीआयसीटी हे ठळक उदाहरण. कॉम्प्युटरचा कट-ऑफ ९९ पर्सेंटाइलच्या आसपास असतो, पण एनआयआरएफच्या पहिल्या शंभरात ते नसतं. उलट माटुंग्याचं आयसीटी त्याच यादीत कितीतरी वर असतं, कारण १९३३ पासून तिथे केमिकल आणि त्याला लागून असलेल्या विषयांत संशोधन चालत आलंय. कॉम्प्युटर करू पाहणाऱ्या मुलीला या दोन क्रमांकांची तुलना करून काहीही हाती लागत नाही. दोन्ही संस्था आपापल्या जागी उत्तमच आहेत.

आणखी दोन गोष्टी. शंभराच्या पुढे क्रमांक नसतो, १०१ ते १५०, १५१ ते २०० असे पट्टे असतात, आणि तिथे दोन कॉलेजांतलं गुणांचं अंतर फार थोडं असतं. शिवाय आकडे जुने असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लागलेल्या यादीतली सर्वांत ताजी बॅच २०२३-२४ ची होती. तुमची भाची बाहेर पडणार त्याला अजून चार वर्षं आहेत.

माहिती कॉलेजंच भरून देतात, हेही लक्षात ठेवा. गुणांसाठी शोधनिबंधांचा पूर आला होता. अखेर २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापायला सुरुवात झाली.

टीपीओ_डेस्क

अनिरुद्ध यांच्याशी सहमत. पण क्रमांक बाजूला ठेवताना त्यामागची माहिती टाकून देऊ नका. जाहिरातीपेक्षा ती कितीतरी कामाची आहे.

कॉलेज एनआयआरएफला जे भरून देतं त्याची पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. तळाशी ‘एनआयआरएफ’ अशी लिंक असते. यादीत न आलेल्या कॉलेजांचीही बहुधा मिळते. ती उघडा आणि ‘यूजी चार वर्षे’ असं लिहिलेल्या प्लेसमेंटच्या तक्त्यावर या. एका ओळीत एका बॅचचा पूर्ण प्रवास असतो: पहिल्या वर्षाला किती घेतले, दुसऱ्या वर्षी डिप्लोमावाले किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, नोकरी किती जणांना, मिडियन पगार किती, पुढे शिकायला किती गेले.

आता हिशोब. समजा पहिल्या वर्षाला ५८०, डिप्लोमातून ६०, वेळेत पास ४९०, नोकरी ३१०, पुढे शिकायला ४०, मिडियन ६ लाख.

एकूण मुलं ६४०. नोकरी आणि उच्च शिक्षण मिळून ३५०, म्हणजे साधारण ५५ टक्के. त्याच कॉलेजच्या फलकावर ९५ टक्के कसे येतात? तिथे भागाकार ६४० ने होत नाही. प्लेसमेंटला नोंदणी केलेले, बॅकलॉग नसलेले, कंपनीच्या टक्केवारीच्या अटीत बसणारे, एवढेच खाली धरले जातात. काही ठिकाणी तर मुलांऐवजी ऑफर मोजतात. एका मुलीला दोन ऑफर मिळाल्या, की मोजणीत दोन.

दुसरी मेख मिडियनमध्ये आहे. तो फक्त नोकरी लागलेल्या ३१० जणांचा आहे. म्हणजे ६ लाख किंवा जास्त मिळालेले सुमारे १५५. पूर्ण ६४० च्या बॅचमध्ये हे चौघांत एकाहूनही कमी. मिडियन बघितला की लगेच शेजारचा नोकरीचा आकडाही बघायचा, एकटा मिडियन कधीच वाचायचा नाही.

तिसरी, ६४० आणि ४९० मधली दरी. दीडशे मुलं वेळेत पास झाली नाहीत. हा आकडा कोणीही विचारत नाही, आणि कॉलेजात शिकवणं कसं आहे याचा अंदाज मला तरी सगळ्यात आधी इथूनच येतो. तीन ओळी म्हणजे तीन बॅच असतात, तिन्ही बघा. एकाच वर्षी उडी दिसली तर सावध व्हा.

कंपन्यांचं म्हणाल तर कॅम्पसला कुठे जायचं हे ठरवताना एनआयआरएफ बघितली जात नाही. त्या शाखेत मुलं किती, मागच्या वर्षी चाचणीतून किती निवडली गेली, ऑफर दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती रुजू झाली, हे बघतात. ऑफर घेऊन न आलेल्यांचं प्रमाण वाढलं की कंपनी पुढच्या वर्षी येत नाही. कॉलेजचं बाजारातलं नाव हे असं बनतं, आणि हळू बदलतं.

डेल्फ्ट_वारी

नोकरीपुरतं वरचं सगळं बरोबर. पण क्रमवारीला काही किंमतच नाही असं समजू नका. परदेशात काही ठिकाणी ती थेट नियमात लिहिलेली आहे, फक्त ती यादी वेगळी.

ब्रिटनचा हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा मे २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा क्यूएस, टाइम्स आणि शांघाय या जगभरच्या विद्यापीठांच्या क्रमवाऱ्यांपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या पन्नासात असलेल्या विद्यापीठांचेच पदवीधर पात्र होते. भारतातलं एकही त्यात नव्हतं. नेदरलँड्समध्ये नोकरी शोधण्यासाठी एक वर्षाचा परवाना मिळतो, पदवी नेदरलँड्सबाहेरची असेल तर त्याला याच याद्यांतल्या पहिल्या दोनशेची अट आहे. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्यांतही क्यूएसच्या क्रमांकाची अट असते. आकडा बदलत असतो, म्हणून त्या वर्षीचीच जाहिरात वाचायची.

आता यात बी.ई.चं कॉलेज कुठे येतं? आयआयटी मुंबई क्यूएसच्या २०२६ च्या यादीत १२९ वी आहे. ९७ पर्सेंटाइलला मिळणारं कुठलंच कॉलेज या आकड्यांच्या जवळपासही नाही. तेव्हा बी.ई.साठी ही चिंता सोडा आणि एमएसचं विद्यापीठ निवडताना आठवण ठेवा. तेव्हाही क्यूएसमध्ये ३० टक्के वजन प्राध्यापकांच्या मताला आणि १५ टक्के कंपन्यांच्या मताला आहे, हे माहीत असलेलं बरं.

एमएसला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आताच तपासा: शाखेला एनबीए (तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकन आहे का. नॅक संस्थेला मिळतं, एनबीए एकेका शाखेला. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारात (एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मान्य करण्याचा देशांमधला करार) आहे, पण त्याचा लाभ टियर-१ (विद्यापीठं आणि स्वायत्त कॉलेजांसाठीचं) मानांकन असलेल्या शाखांनाच होतो. एनबीएच्या वेबसाइटवर शाखेचं नाव, टियर आणि मुदत तिन्ही दिसतं.

वैशाली_नाशिक

खूप आभार. दोन्ही पीडीएफ सापडल्या. यादीत नसलेल्या कॉलेजात नोकरी लागलेल्यांचं प्रमाण खरंच जास्त निघालं. पण तक्त्यात सगळ्या शाखा एकत्र आहेत. फक्त कॉम्प्युटरचं कसं कळणार? आणि कट-ऑफ किती मनावर घ्यायचा?

टीपीओ_डेस्क

ताई, हा फरक महत्त्वाचाच आहे. ज्या कॉलेजात सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा जास्त, त्याचा एकत्रित मिडियन खाली दिसतो, मग कॉम्प्युटरचं कितीही चांगलं असो. आधी दोन्हीकडच्या शाखानिहाय जागा लिहून काढा. मग प्लेसमेंट कार्यालयात फोन करून तीनच गोष्टी विचारा: कॉम्प्युटरची अंतिम वर्षाची पटसंख्या, त्यातल्या किती वेगवेगळ्या मुलांना ऑफर, आणि कोणत्या पाच कंपन्यांनी सर्वांत जास्त घेतले. ‘वेगवेगळ्या मुलांना’ हे शब्द मुद्दाम वापरा. ज्यांच्याकडे हिशोब नीट आहे ते लगेच सांगतात.

पडताळा लिंक्डइनवर घ्या. कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा टॅब असतो, त्यात पदवीचं वर्ष टाका, २०१९ ते २०२१ असं. पाच-सहा वर्षांनी लोक कुठे पोचले ते दिसतं, आणि पहिल्या पॅकेजपेक्षा ते मोलाचं आहे. दुसऱ्या नोकरीला रेफरल (कंपनीतल्या कोणाची शिफारस) लागतं, ते याच लोकांकडून येणार. आयटीवाले लिंक्डइनवर जास्त असतात, म्हणून सिव्हिलसाठी ही पद्धत तितकी चालत नाही. तुमच्यासाठी चालेल.

अनिरुद्ध_ग

कट-ऑफ जरूर बघा. हजारो मुलांनी आपली जागा पणाला लावून दिलेलं ते मत आहे. पण तुलना सारख्याशी सारखीच करा: तीच शाखा, तीच फेरी, तोच प्रवर्ग. सीईटी सेलच्या यादीत जीओपीईएनएस म्हणजे राज्यस्तरीय खुल्या जागा, शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटीच्या (त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठीच्या), ओ असेल तर बाहेरच्यांसाठीच्या. मुलींच्या राखीव जागांचा कोड एलने सुरू होतो. एचची तुलना एसशी केली की निष्कर्ष चुकतो. फी आणि शहरानेही कट-ऑफ हलतो. सरकारी कॉलेजचा कट-ऑफ चढतो त्यात कमी फीचा वाटा मोठा आहे.

फी निघालीच आहे तर: इतर मागास, ईडब्ल्यूएस, एसईबीसी यांपैकी प्रवर्ग आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही.

आणि फॉर्म भरताना क्रम नीट लावा. २०२५ च्या नियमात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला की जागा आपोआप पक्की होत होती, पुढच्या फेरीत जाताच येत नव्हतं. यंदाच्या पुस्तिकेत हा नियम कसा आहे ते आधी वाचा. म्हणून पहिल्या सहांत भाचीला मनापासून चालेल अशीच कॉलेजं असू द्या. नुसता क्रमांक बरा म्हणून एखादं तिसऱ्या जागी टाकलं, तर तेच गळ्यात पडेल.