एकाच बिल्डअपवरून थरनिहाय पारगम्यता? मला पटत नाही

गाळखडक
परवा एक अहवाल हाती आला. दोन थर, दोन्ही एकाच तेलविहिरीत उघडलेले, ७२ तासांचा बिल्डअप (विहीर बंद करून दाब कसा चढतो ते मोजणं). शेवटच्या तक्त्यात पारगम्यता, म्हणजे खडकातून तेल किती सहज वाहतं ते: वरचा थर १८७ मिलीडार्सी, खालचा ६.४. दशांशासकट! विहिरीत प्रवाहमापक उतरवलाच नव्हता. मग हे आकडे आले कुठून?

बिल्डअपमधून मिळते ती पारगम्यता गुणिले जाडी, तीही सगळ्या थरांची बेरीज. १० मीटरला २०० आणि ४० मीटरला ५ मिलीडार्सी धरा: २००० अधिक २००, म्हणजे २२००. आता दोन्ही थर २५ मीटरचे, ८० आणि ८ चे करा. पुन्हा २२००च. थरांत खडकातून देवाणघेवाण नसेल, सुरुवातीचा दाब नि स्किन (विहिरीलगतच्या खडकातला अडथळा) सारखे असतील, तर थरांची सीमा दाबात जाणवेपर्यंत हॉर्नर आलेखाचा, म्हणजे ज्यावरून हा गुणाकार काढतात त्या दाब-वेळ आलेखाचा, उतार जवळपास तोच.

दाबवाला
उदाहरण सोयीचं निवडलंय. जाडी लॉगवरून (विहिरीत उपकरण उतरवून घेतलेल्या नोंदींवरून) कळते, ती हवी तशी ताणता येत नाही. आणि १९५१च्या हॉर्नरवर का अडायचं? १९८३पासून बूर्देचा डेरिव्हेटिव्ह (दाब किती वेगाने बदलतो त्याचा आलेख) आहे. एका थराची सीमा जवळ असेल तर त्यात बाक दिसतो. कोअरचे (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्याचे) आकडे जोडा, रिग्रेशन चालवा, म्हणजे मॉडेल आकड्यांना जुळवून घ्या.

गाळखडक
बरं, जाडी तीच ठेवतो. १० मीटरला १००, ४० मीटरला ३०. हजार अधिक बाराशे, परत २२००! पहिल्या उदाहरणात वरचा थर सुमारे ९१ टक्के तेल देतो, इथे ४५. पाणी आधी कुठून फुटणार ते यावर ठरतं. आणि बाकाचं म्हणाल, तर लेफ्कोविट्झ आणि मंडळींनी १९६१मध्येच दाखवलंय की बंदिस्त थरांची विहीर स्थिरावायला एकथरी विहिरीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. त्या ७२ तासांत तो बाक येईलच कशावरून?

विहीरतळ
दोघेही एक विसरताय. वर झडप बंद केली म्हणजे आत सगळं थांबलं असं नाही. जास्त पारगम्य थराचा दाब आधी उतरलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या थरातलं तेल विहिरीतूनच त्याच्यात शिरतं. वर प्रवाह शून्य, खाली प्रवाहमापकाचा पंखा फिरतोय, हे मी स्वतः पाहिलंय. अशा वेळी बिल्डअप नेमका कशाचा?

म्हणून प्रत्येक थराच्या माथ्यावर प्रवाहमापक थांबवून, दर बदलत, दाब आणि प्रवाह सोबत मोजावा. पण पंख्याचंही कौतुक नको. वेग फार कमी असला तर तो फिरतच नाही, आणि तेवढ्यावर ५ मिलीडार्सीचा थर मेलेला ठरवून मोकळे होतात लोक.

दाबवाला
प्रवाहमापक हवा, मान्य. पण जुन्या विहिरींचे नुसते दाबच हाती आहेत, ते काय फेकून द्यायचे? एकूण गुणाकार तरी पक्का मिळतो. कोअरवरून थरांचं गुणोत्तर बांधलं तर पल्लाही निघतो. त्या अहवालात ६.४ला त्रुटी किती दिली होती?

गाळखडक
तो रकानाच नव्हता.