मदत हवी आहे : फेब्रुवारीत दिल्ली-आग्रा, सोबत सत्तरीचे आई-बाबा

पाऊलखुणा

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीला जायचं ठरतंय. बुधवारी रात्री नऊला उतरू, पुढच्या सोमवारी रात्री दहाचं परतीचं विमान. आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, आई (६८) आणि बाबा (७३). बाबांचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, पण पायऱ्या आल्या की संपलं.

कच्चा बेत असा:
गुरुवार : कुतुबमिनार, हुमायूनची कबर
शुक्रवार : गाडी करून मथुरा-आग्रा, रात्री परत
शनिवार : इंडिया गेट, राष्ट्रपती भवन, राष्ट्रीय संग्रहालय
रविवार : चांदनी चौकात खरेदी
सोमवार : लाल किल्ला, लोटस टेंपल, अक्षरधाम आणि तिथूनच विमानतळ

हॉटेल ठरलेलं नाही, पहाडगंजला स्वस्त दिसतंय. काय बदलावं? दिल्लीची माहिती असलेल्यांनी कृपया सांगा.

चौकट राजा

ठिकाणं ठीक आहेत, वार सगळे उलटे पडलेत.

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. लाल किल्ला, लोटस टेंपल आणि अक्षरधाम ही तिन्ही सोमवारी बंद. राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय यांनाही सोमवारीच सुट्टी. चांदनी चौकातली बहुतेक दुकानं रविवारी बंद. म्हणजे पाचपैकी तीन दिवस तुम्ही दारावरून परत येणार होतात.

सोमवारी उघडं काय, ते आधी बघा आणि बाकीचे दिवस त्याभोवती रचा. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, पुराना किल्ला, जंतरमंतर आणि आयएनए मेट्रो स्थानकाजवळचं दिल्ली हाट (हस्तकलेचा आणि खाण्यापिण्याचा बाजार) सोमवारी चालू असतात. सरोजिनी नगर आणि लाजपत नगरचे बाजार मात्र सोमवारी बंद, त्यामुळे शेवटच्या दिवसावर तिथली खरेदी ठेवू नका.

मी असं लावेन: गुरुवारी आग्रा (शनिवार-रविवारी ताजला तोबा गर्दी असते), शुक्रवारी लाल किल्ला आणि चांदनी चौक, शनिवारी हुमायूनची कबर आणि शेजारची सुंदर नर्सरी ही बाग, रविवारी राष्ट्रपती भवनाचा परिसर आणि संध्याकाळी अक्षरधाम, सोमवारी कुतुबमिनार आणि दिल्ली हाट. कुतुबमिनार आणि हाट मेट्रोच्या एकाच यलो लाइनवर आहेत.

तुम्ही फेब्रुवारीत जाताय म्हणून एक गोष्ट नक्की करा, राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान. वर्षातून मोजके आठवडेच उघडतं आणि फेब्रुवारी-मार्च हा त्याचा मुख्य काळ. प्रवेश फुकट आहे, पण वेळेची नोंदणी आधी ऑनलाइन केलेली बरी, शनिवार-रविवारच्या वेळा लवकर भरतात. केंद्रीय सचिवालय मेट्रो स्थानकापासून शटल बस असते. हेही सोमवारी बंद.

रुळावरून

आग्र्याला गाडीने जाऊ नका. यमुना एक्सप्रेसवे स्वतः १६५ किलोमीटरचा, पण तो ग्रेटर नोएडाला सुरू होतो. दिल्लीतून तिथवर पोचणं आणि संध्याकाळी परत दिल्लीत शिरणं, यातच जीव जातो. हॉटेलपासून ताजपर्यंत चार तास धरा, येताना त्याहून जास्त.

गतिमान एक्सप्रेस घ्या. हजरत निजामुद्दीनहून सकाळी ८.१० ला सुटते, ९.५० ला आग्रा कँट. परतीला आग्र्याहून संध्याकाळी ५.५०, निजामुद्दीनला ७.३०. शुक्रवारी ती धावतच नाही. ही गाडी नवी दिल्ली स्थानकावरून सुटत नाही, लोक इथे हमखास चुकतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ते हुकलं तर नवी दिल्लीहून पहाटे ६ ची भोपाळ शताब्दी आहे, पण आई-बाबांना चारला उठवावं लागेल.

कँटला उतरल्यावर समोर येणाऱ्या माणसाशी बोलू नका, सरळ प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जा. 'दिवसभर फिरवतो' म्हणणारा रिक्षावाला स्वस्त पडतो, कारण त्याचं खरं उत्पन्न संगमरवराच्या दुकानातल्या कमिशनचं असतं. तुमचा दीड तास तिथे जातो आणि किल्ला राहतो.

ताजच्या पूर्व दरवाजाने आत जा. वाहनं शिल्पग्रामच्या वाहनतळावर थांबवतात, तिथून दरवाजापर्यंत साधारण एक किलोमीटर. त्यासाठी बॅटरीची गाडी मिळते, बाबांना त्यातूनच न्या. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. भारतीयांना ५० रुपये, मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर चढायचं तर वर २००. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. चौथऱ्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, तेव्हा बाबांचे २०० वाचवा. बागेतला मधला संगमरवरी हौद आणि तिथली बाकं हीच बसून बघायची उत्तम जागा. तिकीट आत शिरल्यापासून तीन तास चालतं, त्याहून जास्त थांबलात तर पुन्हा पैसे.

तपासणीत मोठी बॅग, खायचे पदार्थ, तंबाखू, काडेपेटी, ट्रायपॉड अडतात. बायका आणि पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात. ज्याच्याकडे बॅग असते त्याच्यामुळे बाकीचे खोळंबतात, म्हणून पाच जणांत एकच छोटी पर्स आणि पाण्याची बाटली.

साडेदहाला आत, एकपर्यंत बाहेर, जेवण, अडीचला आग्र्याचा किल्ला, पावणेपाचला स्टेशनकडे. किल्ला ताजपासून अडीच किलोमीटरवर आहे. मेट्रोही झाली आहे, पण पाच जण असाल तर टॅक्सीच सोपी.

चौकट राजा

किल्ल्याबद्दल भर. प्रवेश अमरसिंह दरवाजातूनच आहे, दिल्ली दरवाजाकडचा भाग लष्कराकडे असल्यामुळे तिकडून आत सोडत नाहीत. आत शिरल्यावर दगडी फरसबंदीचा लांब चढ लागतो. पायऱ्या नाहीत, पण दगड गुळगुळीत झालेत, बाबांना कडेच्या भिंतीच्या बाजूने न्या. चढ संपला की पुढे बहुतेक सपाटी आहे. १२ मे १६६६ ला शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले ते इथेच. बाहेर रस्त्यावर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, मुलीला आधी तो दाखवा, मग आत न्या.

मंडईतली मावशी

हॉटेलसाठी पहाडगंज नको. स्टेशनलगतच्या त्या गल्ल्यांत टॅक्सी दारापर्यंत येत नाही, सामान आणि म्हातारी माणसं घेऊन रिक्षांच्या गर्दीतून चालावं लागतं. शिवाय स्टेशनाबाहेर 'गव्हर्नमेंट टुरिस्ट ऑफिस' अशा पाट्या लावलेली खासगी दुकानं आहेत. 'तुमची गाडी रद्द झाली', 'लाल किल्ला आज बंद आहे' असं सांगून टॅक्सीचं पॅकेज गळ्यात मारतात. खरी माहिती रेल्वेच्या ॲपवर बघायची आणि पुढे चालू लागायचं.

जंगपुरा किंवा लाजपत नगर बघा. निजामुद्दीन स्टेशन जवळ, म्हणून गतिमानसाठी धावपळ नाही. दुसरं कारण मेट्रोचं. तुमच्या यादीतलं निम्मं व्हायोलेट लाइनवर आहे: लाल किल्ला आणि जामा मशीद त्याच नावाच्या स्थानकांवर, हुमायूनच्या कबरीसाठी जेएलएन स्टेडियम, लोटस टेंपलसाठी कालकाजी मंदिर. यलो लाइन पकडायला केंद्रीय सचिवालय, ब्लू लाइन (अक्षरधाम) पकडायला मंडी हाऊस. राजीव चौकला गाडी बदलायची नाही. सकाळ-संध्याकाळ तिथे अशी रेटारेटी असते की माणूस उतरत नाही, उतरवला जातो.

तिकिटासाठी खिडकी नको, व्हॉट्सॲपवर क्यूआर निघतं. प्रत्येक गाडीचा पहिला डबा बायकांचा. आई आणि मुलगी तिकडे बसल्या तर कुठे उतरायचं ते आधीच ठरवून ठेवा.

गुडघ्यांच्या हिशेबाने:
जामा मशिदीच्या पायऱ्या उंच आणि बऱ्याच. बाबा खालूनच बघतील. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत, तुमचा शुक्रवार असेल तर सकाळी लवकर.
हुमायूनच्या कबरीचा चौथरा चढायला अवघड. पण त्याच आवारात इसाखानाची कबर आहे, ती सपाटीवरून दिसते. शेजारची सुंदर नर्सरी म्हणजे बाबांसाठी दिल्लीतली सर्वांत सुखाची जागा.
लोटस टेंपल मी गाळेन. आत शांत, रिकामा सभामंडप आहे, प्रार्थनेला बसायचं असेल तर सुंदर. नुसतं बघायला म्हणून शनिवारच्या त्या रांगेत बाबांना उभं करू नका. सत्तावीस पाकळ्या बाहेरूनही मोजता येतात.
कुतुबमिनार जमिनीवरूनच बघायचा आहे. १९८१ च्या दुर्घटनेनंतर आतला जिना बंद झाला. मेट्रो स्थानकापासून दीड-दोन किलोमीटर, रिक्षा करा.

चांदनी चौकच्या मुख्य रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटार चालत नाही. लाल किल्ल्यासमोरून सायकलरिक्षा करायची, फतेहपुरीपर्यंत जायचं आणि परत. चांदीसाठी दरीबा, जरी-लेस-गोटापट्टीसाठी किनारी बाजार, मसाल्याला खारी बावली. दौलत की चाट (दुधाच्या फेसाची गोड मिठाई) थंडीतच मिळते, फेब्रुवारीत दिसली तर सोडू नका. सकाळीच खा, उन्हात तिचा फेस बसतो.

पाऊलखुणा

बापरे, वारांचं लक्षातच आलं नव्हतं. गतिमानचा गजर लावला. दोन शंका. एक, आई मथुरेसाठी अडून बसली आहे. दोन, बाबांना पानिपत बघायचंय. दोन्हींपैकी काय जमेल?

रुळावरून

मथुरा आग्र्याच्या दिवसात बसत नाही, आणि कारण अंतर नाही. मथुरा-वृंदावनची मंदिरं साधारण बाराला बंद होतात ती चार-साडेचारला उघडतात. सकाळी आधी मथुरा केली तर ताज दुपारी उशिरा, आधी ताज केला तर मंदिराच्या बंद दारासमोर दोन तास. टूरवाले 'मथुरा-आग्रा एकाच दिवशी' विकतात त्यात काहीतरी धावतपळत होतंच. आईंना दर्शनच हवं असेल तर आग्र्याला एक मुक्काम करा आणि शुक्रवारी सकाळी मथुरा करून दिल्लीला परता. मग शुक्रवारचा लाल किल्ला शनिवारी जाईल आणि शनिवारची हुमायूनची कबर सोमवारी. रविवारचं मात्र हलवू नका, अक्षरधाम सोमवारी बंद.

जन्मभूमीत मोबाइल नेऊ देत नाहीत. वृंदावनात माकडं डोळ्यांवरचा चष्मा उचलतात, आणि खायला दिल्याशिवाय परत करत नाहीत. बाबांचा जादा चष्मा सोबत ठेवा.

चौकट राजा

पानिपत बाबांच्या गुडघ्यांना ताजपेक्षा सोपं आहे. दिल्लीपासून साधारण ९० किलोमीटर, सरळ महामार्ग. काला आंबला स्मारकस्तंभ आणि बाग आहे, सगळं सपाट. १४ जानेवारी १७६१ ची लढाई जिथे झाली तो हा परिसर, शहराबाहेर. आधी वाचून गेलात तर अर्धा-पाऊण तास लागेल, न वाचता गेलात तर दहा मिनिटांत 'बस, एवढंच?' असं होईल. शहरात इब्राहिम लोदीची कबर आणि बाबराने १५२६ च्या विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीदही आहे.

रविवारी सकाळी साडेसहाला टॅक्सी, मुरथलला पांढरं लोणी घातलेले पराठे, दहापर्यंत काला आंब, दुपारी दोनला दिल्लीत. तीनला अक्षरधाम. राष्ट्रीय संग्रहालय आणि अमृत उद्यान मात्र गाळावं लागेल. मथुरा आणि पानिपत दोन्ही धरलंत तर दिल्लीसाठी जेमतेम अडीच दिवस उरतात, तो हिशेब घरात आधीच मांडा.

अक्षरधामला मोबाइल, कॅमेरा, बॅग, हातातलं स्मार्टवॉचसुद्धा जमा करावं लागतं. फोन हॉटेलवर ठेवलात तर जमा करण्याची रांग वाचते. न्यायचाच तर फक्त एक फोन न्या, आणि आत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवा. सूर्यास्तानंतरचा पाण्याचा कार्यक्रम मुलीला आवडेल, त्याचं तिकीट वेगळं.

गारवा

धागा वाचतोय. हाच बेत नाताळच्या सुट्टीत चालेल का?

रुळावरून

वार तेच, हवा वेगळी. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत धुकं असतं. गाड्या तासन्तास उशिरा येतात, एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा कमी करतात, आणि सकाळी दहापर्यंत ताज पन्नास पावलांवरूनही धूसर दिसू शकतो. तेव्हा आग्र्याला मुक्काम करा आणि ताज दुपारी बघा. दिवाळीनंतरचे काही आठवडे धुराचे, दम्याचा त्रास असेल तर ते टाळाच. २६ जानेवारीच्या आधीचे दिवसही नकोत, तालमींमुळे मध्य दिल्लीतले रस्ते अडवतात.

पाऊलखुणा

घरात मतदान झालं, आईची मथुरा पुढच्या वेळी. रविवारी पानिपत नक्की. सोमवारी अकराला हॉटेल सोडल्यावर पाच बॅगा कुठे ठेवायच्या?

मंडईतली मावशी

हॉटेलच्या काउंटरवरच, बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. बॅगा घेऊन कुतुबला जाऊ नका. दिल्ली हाटमधून साडेपाचला निघून सामान उचला. आणि तिकिटावर टर्मिनल कुठलं आहे ते आजच बघून ठेवा. टर्मिनल तीनला नवी दिल्लीहून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नेते, टर्मिनल एकला जायचं तर कालकाजी मंदिरला मॅजेंटा लाइन पकडायची. चुकीच्या टर्मिनलला उतरलात तर पुढची अर्धा-पाऊण तासाची फरपट बाबांच्या गुडघ्यांवर निघेल.