मदत हवी आहे: पेटी, गिटार आणि बासरी या तिन्हींवर रागाचे स्वर दाखवणारे सॉफ्टवेअर

फुंकणारा
आमच्या घरी मुलगी पेटी शिकते, मुलगा गिटार शिकतो आणि मी बासरी वाजवतो. यंदा घरच्या गणपतीत तिघांनी मिळून यमन वाजवायचे ठरले आहे. राग निवडला की त्याचे स्वर पेटीच्या पट्ट्यांवर, गिटारच्या तारांवर आणि बासरीच्या छिद्रांवर दिसतील असे एखादे सॉफ्टवेअर मला हवे आहे. गिटारच्या ॲपमध्ये यमन सापडत नाही आणि पेटीच्या ॲपमध्ये गिटार नसते. शिवाय ॲपने दाखवलेल्या पट्ट्या मुलीने क्लासच्या तानपुऱ्याबरोबर वाजवल्या, तर सारेच बेसूर वाटते. ‘गुरूकडे जा’ असा सल्ला कृपया देऊ नये, तिघेही जातोच. गणपती तोंडावर आले आहेत, त्यामुळे थेट नाव सांगावे.

काळीपाच
आपण षड्ज, म्हणजे ‘सा’, कोणता धरता, हेच लिहिलेले नाही. मुलीच्या क्लासची पट्टी (म्हणजे ज्या स्वरावर ‘सा’ धरतात तो) कोणती, बासरी कोणत्या पट्टीची आणि सॉफ्टवेअर फोनवर हवे की संगणकावर, एवढे कळल्याशिवाय नाव सुचवण्यात अर्थ नाही.

रियाजी
तानपुऱ्याचे चांगले ॲप आधी घ्या. मी पहाटे खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, लावतो तेव्हा पंचमाऐवजी निषादाची तार लावतो आणि त्याने यमन फार खुलतो.

श्रुतिरंजन
मॅन्युएल ऑप द कूल यांचे ‘स्काला’ हे स्वरसप्तकांचे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे. ते मोफत आहे आणि त्याबरोबरच्या संग्रहात पाच हजारांहून अधिक स्वरसप्तके आहेत. आपल्या पेटीतला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), तर तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार साधारण ३८६ सेंटवर असतो. हे १४ सेंटचे अंतर ज्याला खुपत नाही त्याने यमनाला हात लावू नये. आपल्या सांगलीचे संगीत अभ्यासक देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स साहेब यांनी १९१०च्या सुमारास श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म भेद दाखवणाऱ्या, पेटीचा ध्यास घेतला, तो याच कारणाने.

काळीपाच
माहिती मोलाची आहे, परंतु स्कालामध्ये बासरीची छिद्रे दिसत नाहीत आणि प्रश्न त्यांचाच आहे. गिटारचे फ्रेटही (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) पेटीसारखेच समान स्वरांतराने बांधलेले असल्यामुळे मुले एकमेकांशी जुळतील. बासरीवाल्याने ओठाने गंधार किंचित सावरला की घरच्या आरतीनंतरच्या कार्यक्रमाला तेवढे पुरते.

श्रुतिरंजन
‘तेवढे पुरते’ याच वृत्तीमुळे कान बिघडतात, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

वादीसंवादी
मूळ अडचण निराळी आहे. ही सॉफ्टवेअरे सप्तक दाखवतात, राग दाखवत नाहीत. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच आहेत, पण एकात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आहे आणि दुसऱ्यात धैवत; पडद्यावर दोन्ही चित्रे सारखीच दिसतील. गिटारच्या सॉफ्टवेअरमध्ये यमन शोधू नका, ‘लिडियन’ शोधा, कारण यमन ज्या कल्याण थाटात (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणाचे सात स्वरांचे सप्तक) येतो, त्याचे स्वर तिथे त्या नावाखाली असतात. बिलावल म्हणजे आयोनियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, काफी म्हणजे डोरियन, आसावरी म्हणजे एओलियन आणि भैरवी म्हणजे फ्रिजियन. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, या मालिकेत बसत नाहीत.

फुंकणारा
लिडियन सापडले, आभार. बाकीचे तपशील असे: क्लासची पट्टी काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी, म्हणजे सी शार्प) आहे, माझी बासरी पांढरी तीनची (म्हणजे ई) आहे, मुलाच्या वहीत सगळे सी, डी, ई असे लिहिलेले असते आणि लॅपटॉप विंडोजचा आहे. आता तरी कुणी नाव सांगेल का?

काळीपाच
तिन्ही वाद्ये एकत्र दाखवणारे सॉफ्टवेअर मी पाहिलेले नाही, पण आता त्याची गरजही उरत नाही. ॲप सी, म्हणजे पांढरी एक, षड्ज धरून पट्ट्या दाखवते आणि तानपुरा काळी एकमध्ये वाजतो, म्हणून ते बेसूर वाटते. बासरीची पट्टी बदलता येत नाही, त्यामुळे सर्वांनी पांढरी तीनवर यावे. पेटीवर यमनाचे स्वर पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात, काळी एक, काळी दोन असे येतील. पेटी स्केलचेंजर (पट्ट्यांचा संच सरकवता येणारी) असेल तर पट्ट्या तीन घरे वर सरकवाव्यात, म्हणजे मुलीची बोटे सवयीप्रमाणेच पडतील. गिटारच्या सॉफ्टवेअरमध्ये षड्ज ‘ई’ आणि सप्तक ‘लिडियन’ निवडावे. सर्वांत बारीक तार मोकळी सोडली की षड्ज मिळतो आणि त्याच तारेवर पुढचे स्वर २, ४, ६, ७, ९ आणि ११ या फ्रेटवर येतात. वहीच सोडायची नसेल, तर चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा आणि वहीतल्या एफच्या जागी एफ शार्प वाजवावा. तो बदल केला नाही तर बिलावल वाजेल.

रियाजी
कॅपो लावून यमन? असो, निषादाच्या तारेचे तेवढे लक्षात ठेवा.

फुंकणारा
पेटी साधी आहे, त्यामुळे पट्ट्यांची यादी मुलीला लिहून दिली. गिटार जमली. आता माझेच अडते आहे. तीव्र मध्यमाला सहाही छिद्रे मोकळी असतात आणि लगेच पंचमाला सहाही बंद करावी लागतात. तिथे दर वेळी फट् असा आवाज होतो. हे बोटांचे चलन दाखवणारे काही आहे का?

वादीसंवादी
चित्रातून ते कळणार नाही. यमनाच्या आरोहात पंचम बहुधा गाळतात, नि रे ग, तीव्र म, ध नि सा असे जातात, त्यामुळे तुम्हाला मोकळ्या छिद्रांवरून पाच बंद छिद्रांच्या धैवतावर जायचे आहे आणि तेही वरच्या फुंकेने. वरच्या हाताची तीन बोटे आधी पडली की मधला षड्ज डोकावतो आणि तोच तुम्हाला ऐकू येतो आहे. दोन्ही हातांची बोटे एकदम पडतील अशा बेताने, विलंबित लयीत, फक्त तीव्र मध्यम आणि धैवत एवढेच घोटावे.